तेरा घरांचं सप्तक

बेसूर मला सहन होत नाही. कुणाला धूळ सहन होत नाही, कुणाला मांजर, मला बेसूर. बाबा आयुष्यभर पियानो सुरात लावायचं काम करायचे. त्यांचे गुडघे गेले आणि त्यांची हत्यारांची पिशवी माझ्या खांद्यावर आली, पण कान त्याआधीच आले होते. पाच वर्षांची असल्यापासून मी ते वापरतेय, आणि खरं सांगायचं तर त्यांचा मला फार माज होता.

त्या सोमवारी संगीत महाविद्यालयातले आठ पियानो लावायचे होते. बाहेर पाऊस नुसता भुरभुरत होता. मी पाचव्या पियानोवर होते, आणि शेजारच्या खोलीतून असा काही आवाज आला की हातातली तारा पिळायची चावी निसटून पायावर पडली. कुणीतरी एकेक तार छेडत वर चढत होतं, आणि दोन टोकं सोडली तर एक तार जागेवर असेल तर शपथ! मग आवाज थांबला. पावलं जिन्याकडे गेली.

मी दार ढकललं. टेबलावर एक लांबट लाकडी पेटी, तिच्यावर चौदा तारा. पेटी इतकी देखणी होती की मला तिची दयाच आली. कडा हाताने घासून गुळगुळीत केलेल्या, खुंट्या चकचकीत... आणि माझी चावी त्या खुंट्यांना तंतोतंत बसली. म्हटलं, देवाच्याच मनात आहे.

पाऊण तासात मी सगळ्या तारा सुरात आणल्या. सातवी आणि आठवी एकाच सुरावर आल्या तेव्हा जरा चमत्कारिक वाटलं. पण बनवणाऱ्याने एक तार जास्तीची लावली असेल. असतात एकेक नमुने!

नमुना दारात उभा होता. उंच, भिजलेले केस, कानामागे पेन्सिल, हातात पावाची कागदी पिशवी.

"तुम्ही... इथे काय करताय?"

"तुमचं काम," मी म्हणाले. "आभार नंतर माना."

त्याने पिशवी ठेवली. एक तार छेडली, दुसरी छेडली. तिसऱ्या तारेला त्याचा चेहरा साफ उतरला.

"हे तुम्ही केलंत?"

"हो! तेही फुकट."

"फुकट," तो हळूच खुर्चीत बसला. "अहो... ते बरोबर होतं."

"काहीतरीच! एकही तार जागेवर नव्हती."

"तुमच्या जागेवर नव्हती. पियानोवर सा पासून वरच्या सा पर्यंत बारा घरं असतात ना? मी तेवढ्याच अंतरात तेरा केली होती. अगदी सारखी तेरा, म्हणून दोन्ही टोकं धरून चौदा तारा. नव्या तारा रोज थोड्या थोड्या ताणून तिथे स्थिर व्हायला तीन आठवडे लागले."

तीन आठवडे. मी पेटीकडे पाहिलं, चावीकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही बाराचे तेरा केलेत," मी म्हणाले, "आणि मी तुमचे तीनतेरा."

तो हसला. आधी एका गालाने, मग दोन्ही गालांनी. रागवायचा हक्क असलेला माणूस हसला की फार पंचाईत होते. तिथेच मी अर्धी गेले होते, पण ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

भरपाई त्यानेच सुचवली. तो संशोधन करत होता. जो लहानपणापासून संगीत शिकलाय, त्याचा कान असं परकं सप्तक लवकर शिकतो, की आपल्या जुन्याच घरात अडकून बसतो? त्यासाठी त्याला शिकलेले कान हवे होते, आणि अजिबात न शिकलेलेही.

"माझा कान कुठे अडकत नाही," मी म्हणाले.

"बघू या ना. सहा बैठका. याल?"

"सहा कशाला लागतील?"

"मग लवकर सुटाल," तो म्हणाला, आणि वहीत माझ्या नावाऐवजी आकडा लिहिला. अकरा.

बैठक म्हणजे काय, तर अर्धा तास तो त्या पेटीवर छोट्या छोट्या धुना वाजवायचा आणि मी ऐकायचं. मग तो एक धून वाजवून शेवटच्या सुराआधी थांबायचा. तो सूर मी गाऊन दाखवायचा. एवढंच! आणि एवढंच मला जमेना. सातवी आणि आठवी तार तर माझ्या मुळावर उठल्या होत्या. त्याला आठवी हवी असायची, आणि मी दर वेळी दोघींच्या मधोमध जाऊन पडायचे. नेमकी तिथेच, जिथे माझ्या पियानोचं घर होतं.

"तुम्ही फार छान चुकता," एकदा तो म्हणाला.

"टोमणा आहे?"

"नाही हो. लोक चुकताना आवाज बारीक करतात. तुम्ही आणखी मोठ्याने गाता."

"कारण मी चुकत नाहीये! तुमची तार चुकतेय!"

"बरं," तो म्हणाला आणि पेटीवर कान टेकवून हसू लपवायला लागला. त्याची ती सवयच होती... तार छेडली की डोळे मिटून गाल लाकडाला लावायचा, आणि करंगळी नकळत माझ्या बाजूच्या कडेवर यायची. मी तारेकडे लक्ष द्यायचं सोडून त्या करंगळीकडे बघत बसायचे. मग काय शिकणार कपाळ!

सहा बैठका संपल्या. तो म्हणाला, "सातवी ठेवू या का? आज पावसाचा आवाज मधे मधे येत होता." मग आठवी झाली, नववी झाली. मला वाटलं, झालं! इतका मठ्ठ कान याने जन्मात पाहिला नसणार, म्हणून परत परत बोलावतोय. लाज वाटायची आणि जायचेही. छत्री मुद्दाम घरी विसरायचे, कारण त्याची मोठी होती आणि बसथांबा दहा मिनिटांवर होता.

आणि मग मी स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

"तुमच्या ओळखीत कुणी आहे का?" त्याने विचारलं. "संगीतातलं काही म्हणजे काहीच न शिकलेलं?"

"आहे की! आमच्या घरीच आहे," मी हसत सुटले. "माझी धाकटी बहीण. तिला तुम्ही पंधरा घरं दिलीत तरी ती सोळाव्यात जाऊन बसेल."

छोटी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. लहानपणी दिवसभर गायची. बाबा पियानो लावत असले की मी तिला गप्प बसवायचे. 'बाबांचं काम बिघडतं,' मी म्हणायचे, 'तुझ्या आवाजाने कान दुखतात.' सात-आठ वर्षांची असेल ती. पुढे पुढे ती फक्त गुणगुणायची, तेही आम्ही घरात नसलो तर.

पहिल्या बैठकीला मीच तिला घेऊन गेले. तिची फजिती बघायला, हेही कबूल करते. त्याने धून वाजवली, शेवटच्या सुराआधी थांबला, आणि छोटीने तोंड उघडून आठवा सूर लावला. हे असं, सहज, घरात शिरून चपला काढाव्यात तसा.

तो उभाच राहिला. "परत!" तिने परत लावला.

"अगं, तू कमाल आहेस!" तो म्हणाला.

अगं. तू. पहिल्या दिवशी! मी पाच आठवडे येत होते आणि अजून 'तुम्ही' होते, 'अहो' होते. कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात ते काही खोटं नाही, आणि माझ्या बाबतीत तर कानावरूनच आली.

"ताई, किती मज्जा आली ना?" परत जाताना छोटी म्हणाली. "मला वाटलं होतं फार अवघड असेल."

"हं."

"आणि ते किती छान आहेत ना गं?"

"मला काय माहीत. मी पियानो लावायला जाते."

त्या रात्री... नाही, रात्रीचं कशाला, दुसऱ्या दिवशी भरदुपारी जेवणाच्या टेबलावर मला घास जाईना. छोटी भांडी विसळताना चक्क मोठ्याने गात होती, त्याच्या त्या तेरा घरांतली धून. बाबांनी मान वळवून ऐकलं. "काय गं हे? विचित्र आहे, पण कुठे घसरत नाहीये." बाबा! ज्यांनी मला सोळाव्या वर्षापर्यंत 'बरं' याच्या पलीकडे काही म्हटलं नाही!

"जरा हळू," मी म्हणाले. "डोकं दुखतंय माझं."

छोटी गप्प झाली, नळ मात्र चालू होता. मला आनंद झाला, आणि लगेच स्वतःची किळस आली. दोन्ही एकाच घासात.

जळत होते मी, दुसरं काय! ती बैठकीला निघाली की तिने कोणता कुडता घातलाय ते मी बघायचे. परत आली की विचारायचे नाही, आणि तिने सांगितलं नाही की चिडायचे. त्याने तिला कसं बघितलं असेल, डोळे मिटले असतील का, करंगळी कुठे असेल... मला तो हवा होता. असा चांगला, साफ शब्दांत हवा होता. आणि त्याला हवा होता तो सूर माझ्या बहिणीच्या गळ्यात होता.

त्यातच एक दिवस तो पाणी आणायला गेला आणि वही उघडी राहिली. सतरा क्रमांकाखाली, म्हणजे छोटीच्या, दोन ठळक रेघा. अकरा क्रमांकावर आडवी काट, आणि पुढे 'वगळले'. त्यापुढे आणखी एक शब्द होता, पण पावलं वाजली आणि मी वही सोडली.

खोडलं होतं त्याने मला. नालायक ठरवून खोडलं होतं, आणि तोंडावर गोड बोलत होता! त्या दिवशी मी छत्रीत गेले नाही. "मला भिजायला आवडतं," असं म्हणाले आणि नखशिखांत भिजून, शिंकत घरी आले.

गुरुवारी त्याच्या मार्गदर्शक बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर छोटी गाऊन दाखवणार होती. बाईंना पटलं तर त्याच्या कामाला पुढचं वर्ष मिळणार होतं. छोटी नवा कुडता घालून माझ्याबरोबर आली. "ताई, तू असशील ना खोलीत? मला भीती वाटतेय." मी म्हटलं, असेन.

सकाळी नऊला त्याने सूर मोजायचं मीटर लावून चौदाही तारा तपासल्या. मग तो खाली बाईंना घ्यायला गेला. छोटी पाणी प्यायला गेली. खोलीत मी, पेटी आणि माझी पिशवी.

काय सांगू! मी चावी काढली. आठव्या तारेच्या खुंटीवर बसवली, आणि केसभर, अगदी केसभर उतरवली. मीटरशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही इतकीच. छोटी आपल्या नेहमीच्या जागी सूर लावेल, मीटरवर तो तारेशी जुळणार नाही, बाई मान हलवतील, आणि तो... त्याचा चेहरा पहिल्या दिवसासारखा उतरेल. हे शेवटचं माझ्या डोक्यात चावी पिशवीत गेल्यावर आलं. परत काढणार तोवर दार उघडलं.

बाई पिकल्या केसांच्या, छोट्या चणीच्या, नजर मात्र सुईसारखी. त्या भिंतीशी बसल्या. त्याने डोळे मिटून धून वाजवायला घेतली. आठवी तार वाजली तरी त्याची भुवईसुद्धा हलली नाही. छोटीने मात्र मान वर केली.

धून थांबली. छोटीने सूर लावला.

"मीटर वेगळं दाखवतंय," बाई म्हणाल्या. "तार इथे आहे, हिचा सूर जरा वर आहे."

"पण मी बरोबर आहे," छोटी म्हणाली. आवाज कापत होता, सूर नव्हता. "तार उतरलीये. आठवी. आज सगळ्या बरोबर आहेत, तेवढी एकच..."

तो घाबरून मीटरवर वाकला. "नऊला मी स्वतः तपासली होती! कशी काय..."

छोटी माझ्याकडे बघत होती. तिला चोर सापडला म्हणून नाही, बिचारी आधारासाठी बघत होती. ताई, सांग ना यांना, तुझे कान एवढे चांगले आहेत, असं. तिथे माझं सगळं अवसान गळलं.

"मी उतरवली," मी म्हणाले.

त्याने मीटरवरून मान वर केली.

"मुद्दाम. ही चुकावी म्हणून. मला... मला हिचा हेवा वाटतो. हिला येतं आणि मला येत नाही, आणि तुम्ही हिला..." पुढचं बोलले असते तर रडले असते. "छोटे, चुकले गं मी. तू बरोबर आहेस. पहिल्या दिवसापासून बरोबर आहेस."

"ताई!" एवढंच म्हणाली ती, आणि तोंडावर हात ठेवला.

मी पिशवी उचलली. जायचंच होतं, पण बाईंनी बोट वर केलं.

"थांबा. किती उतरवलीत?"

"केसभर."

"मीटर लावून?"

"नाही. कानाने."

"बरं. मग मला सांगा," बाई पुढे झुकल्या, "उतरवायच्या आधी ती बरोबर आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी आठव्या तारेकडे पाहिलं.

"तुम्ही पियानो लावता ना? पियानोच्या हिशेबाने ती तार भलतीकडेच आहे. दुसऱ्या कुणी बिघडवली असती तर पियानोच्या घराकडे ओढली असती, बऱ्याच अंतराने. तुम्ही त्या परक्या जागेपासून केसभर सरकवलीत. जागा पक्की माहीत असल्याशिवाय केसभर सरकवता येत नाही." त्या त्याच्याकडे वळल्या. "ही तुझ्याच प्रयोगातली आहे ना, शिकलेल्यांतली? हिची नोंद काय म्हणते?"

त्याने वही छातीशी धरली. "बाई, ते... राहू द्या."

बाईंनी वही ओढून घेतली, चष्मा नाकावर सरकवला. "अकरा. दुसऱ्या बैठकीलाच वगळलीय? कारण..." त्या थांबल्या. "कारण, 'वैयक्तिक'. म्हणजे काय रे?"

त्याचे कान लाल झाले. खरोखर, पेन्सिलीसकट.

"म्हणजे... तपासणाऱ्याचं मन निःपक्षपाती राहिलं नाही," तो जमिनीला म्हणाला.

"दुसऱ्याच बैठकीला?"

"पहिल्या. लिहायचा धीर दुसऱ्या बैठकीला झाला."

छोटी फिसकन हसली. बाईंनी वही मिटली आणि छोटीचा दंड धरला. "चल गं, मला चहा हवाय, आणि तुझ्याशी बोलायचंय. पण आधी ही तार कुणीतरी जागेवर आणा. मीटरशिवाय."

मी चावी बसवली. पण आता सगळे बघत असताना जागा सापडेना. वर गेले, खाली आले, पुन्हा त्या पियानोच्या घराकडे घसरले... मग मी मान वर केली.

"छोटे," मी म्हणाले, "सूर दे."

तिला आधी कळलंच नाही. जन्मात मी तिच्याकडे सूर मागितला नव्हता. मग तिचे डोळे भरले, आणि तिने सूर लावला. मोठ्याने, न भिता, खोली भरून. मी तार हळूहळू चढवत नेली, आणि ती तिच्या आवाजाला भिडली तशी दोन सुरांमधली थरथर विरघळून गेली. पहिल्यांदाच मला ती तार बेसूर वाटली नाही. मीटर बघायची कुणाला गरज वाटली नाही.

त्या दोघी चहाला गेल्या. आम्ही दोघं, आणि मधे पेटी.

"वगळलं होतंत," मी म्हणाले, "तर इतक्या बैठका कशाला घेतल्यात?"

"छत्री मोठी आहे माझी," तो म्हणाला. "एकट्याला जास्त होते."

"आणि छोटीला 'अगं', मला 'अहो'!"

"ती लहान आहे. तुम्हाला 'अगं' म्हणायचं म्हणजे... मला जरा जास्त धीर लागणार होता." तो आठव्या तारेवर नुसतं बोट फिरवत होता. "खरं सांगू? मलाही तिचा हेवा वाटतो. मी पण लहानपणापासून शिकलोय. हे सगळं गणित करून बांधलं, पण ऐकू येत नाही मला अजून. माझंच सप्तक, आणि मी दाराबाहेर. आज तुम्ही केसभर उतरवलीत, मला कळलंसुद्धा नाही. मला कुणीतरी शिकवायला हवंय."

"छोटीला विचारा."

"ती शिकवू शकणार नाही. तिला चुकायचं कसं, तेच माहीत नाही." त्याने वर पाहिलं. "तू शिकवशील?"

तू! किती छोटा शब्द! मी त्याच्या शेजारी बसले, त्याचं डोकं धरून गाल पेटीच्या लाकडाला लावला, आणि आठवी तार छेडली.

"शिकवीन," मी म्हणाले. "पण मला राग फार लवकर येतो हं. आणि मी जळते पण."

"माहितीये," तो डोळे मिटून म्हणाला. करंगळीने माझी करंगळी शोधली होती. "फक्त तो माझ्यावर काढ. तारेवर नको."